बुटातलं मीठ

रात्री नऊला ताल्लिनच्या टाउन हॉल चौकात
मी कंदील पेटवते. आत बॅटरीवरचा दिवा आहे,
पण काचेवरची काजळी खरी, मेणबत्तीची,
दर सोमवारी स्वयंपाकघरात बसून मीच धरते.
झगा भाड्याचा. गुडघा माझा.

आज अकरा जण. दोघं फिनलंडचे,
बोटीवरच थोडी घेऊन आलेले.
तार्तूची एक मास्तरीण, तिचा मुलगा,
ज्याला फक्त मेलेल्या मांजरांबद्दल विचारायचंय.
आणि सगळ्यांच्या मागं, काठी टेकत, एक म्हातारे गृहस्थ,
कोप्लीहून ट्रामनं आलेले. गावातलेच.
गावातलं माणूस सहसा या फेरीला येत नाही.
त्यांनी पेन्शनरांची सवलत मागितली. दिली.

चाकाच्या विहिरीपाशी मांजरं सांगते,
पाण्यातल्या भुताला शांत करायला टाकलेली.
किती? मुलगा विचारतो.
मोजली नाहीत कुणी. तो नाराज.
मग ती खिडकी, बाहेरून खिडकी, आतून भिंत,
जिथं सैतानानं एका रात्रीत लग्न उरकलं.
मग मनोरा, वरून पडलेला गवंडी,
त्याच्या तोंडातून निघालेला बेडूक.
पिढ्यांनी चघळून मऊ केलेलं हे सगळं.
कुठं थांबायचं, एवढंच माझं काम.

आणि मग येतो तो बोळ.

नऊ वर्षांपूर्वी मोठा रस्ता खणला होता, पाइप बदलायला.
फेरी इथून न्यावी लागली, जिथं काहीच घडलेलं नव्हतं.
चुनखडीची भिंत, कचरापेटी, कुणाची तरी सायकल,
आणि माझ्या तोंडाकडं बघणारी चौदा माणसं.
भिंतीला ओल होती, ओलीवर पांढरा फुलोरा.
मी म्हटलं, मीठ.
म्हटलं, मिठाच्या व्यापाऱ्याकडं एप नावाची मोलकरीण होती.
(एप हे नाव सकाळीच वाचलेलं,
दूध घेताना, काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर.)
मूठभर मीठ चोरलं तिनं, डोक्याच्या रुमालात बांधलं,
घरी आजारी भाऊ, अळणी पेज.
पाऊस आला. मीठ विरघळलं, पाठीवरून ओघळलं,
इथं टेकून ती रडली, आणि ही भिंत अजून...
पुढचं सुचलं नाही. मी कंदील खाली केला.
तेवढं पुरलं.
एका बाईनं बोट लावून चाटून पाहिलं.
खारट, म्हणाली. मग एकेक करून सगळेच पुढं झाले.

रस्ता बुजवला, एप राहिली.
आता दुसऱ्या कंपनीचा उर्मासही तिला सांगतो,
शेवटी फाशी देतो तिला.
मला ते आवडत नाही. पण कोणत्या तोंडानं सांगू?

आज रुमालापर्यंत पोचले, तर
मागून हळूच आवाज आला, "बुटात."

"बुटात नेलं तिनं मीठ. म्हणून लंगडली,
म्हणून सापडली. माझी मावशी सांगायची,
ह्याच भिंतीकडं बोट करून. मी एवढासा होतो."
काठीच्या मध्यावर त्यांनी हात धरला.

खोटं बोलणारा माणूस मला कळतो, धंदाच आहे माझा.
ते बोलत नव्हते.

"पायाला जखम असेल तर झोंबेल ना?" मुलानं विचारलं.
"झोंबणारच," म्हातारे म्हणाले. "तेच तर."
फिनलंडचे दोघं बुटांकडं बघत राहिले.

खाल्ल्या मिठाला जागतात माणसं.
मी तर खाल्लंही नव्हतं, नुसतं बोलून टाकलं होतं.

शेवट नेहमीप्रमाणे टेकडीवर. खाली लाल कौलं, काळं समुद्राचं पाणी.
तळ्यातला म्हातारा दर शरदात वेशीवर येतो,
विचारतो, झालं का शहर पुरं?
हो म्हटलंत तर बुडवतो.
काय सांगाल त्याला?
"अजून नाही!" सगळे ओरडतात, फिनलंडचे सगळ्यात मोठ्यांदा.
कोप्लीचे गृहस्थ ओरडले नाहीत.
त्यांना शेवटची ट्राम गाठायची होती.

मी दिवा विझवला. बोळातून एकटीच उतरले.
उद्यापासून बुटात.
उतरताना लंगडत होते.
गुडघा. नेहमीचाच.